घोटीचे आभाळ संगणकात बसवताना

इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणजे या तालुक्यातल्या घोटीच्या शाळेचे वर्ष सुरू होते तेच काळ्या आभाळाखाली. झड आत येऊ नये म्हणून व्हरांडा खोल ठेवायचा, पत्रा खाली ओढायचा, पश्चिमेच्या खिडक्या आखूड करायच्या, ही घाटमाथ्यावरची रीत. ती चुकीची नाही, पण तिची किंमत उजेडात मोजावी लागते. भर दुपारी वर्गात ट्यूबलाइट लावावी लागते आणि लाइट गेली की मागच्या बाकावरून फळा दिसत नाही.

हा उजेड बांधकामाआधी मोजता येतो. त्यासाठी महागडे पॅकेज लागत नाही, साधा लॅपटॉप आणि ‘रेडियन्स’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर पुरते. नाशिकच्या आर्किटेक्चर कॉलेजात शिकणारी मुले, तालुक्यात घरे-शाळा बांधणारे इंजिनिअर आणि ब्लेंडरवर हात बसलेले हौशी कलाकार, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. त्यातून एकच गोष्ट पक्की व्हावी: आधी आकडा खरा ठरवा, मग चित्र काढा. सुंदर चित्र कोणतेही सॉफ्टवेअर देते. त्या चित्रातला उजेड घोटीचा आहे की नाही, हे मात्र आपण भरलेल्या सेटिंगवरच ठरते.

रेडियन्स म्हणजे काय

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८५ च्या सुमारास हे काम हाती घेतले. १९९४ च्या सिग्राफ परिषदेतल्या त्यांच्या निबंधाने ही प्रणाली जगभर माहीत झाली. आज हनीबीसारखी जी साधने माउसने चालतात, त्यांच्याही पडद्यामागे दिवसाच्या उजेडाचा हिशेब रेडियन्सच करते.

रेडियन्स हा एक प्रोग्राम नाही. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या लहान लहान आज्ञांचा तो संच आहे. एक आज्ञा आभाळ तयार करते, दुसरी खोलीची फाइल जुळवते, तिसरी किरण सोडते, चौथी आकडे लक्समध्ये बदलते. सुरुवातीला हे जड वाटते. पण प्रत्येक टप्प्यावर मधला आकडा उघडून पाहता येतो, आणि चूक कुठे झाली ते शोधताना ही सोय फार मोलाची ठरते.

या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायच्या. आकडेही रोमनच. नावे ओळखणे सोपे आहे: ‘जेनस्काय’ म्हणजे जनरेटची पहिली तीन अक्षरे आणि स्काय, ‘ओकॉन्व्ह’ म्हणजे ओ आणि कन्व्हर्टची पहिली चार अक्षरे, ‘आरट्रेस’, ‘आरपिक्ट’, ‘आरकॅल्क’ यांत आर हे अक्षर आधी आणि पुढे ट्रेस, पिक्चरची पहिली चार अक्षरे, कॅल्क्युलेटची पहिली चार अक्षरे. ‘-एबी’ सारखे पर्याय म्हणजे उणे चिन्ह आणि ती दोन अक्षरे.

बसवणे आणि पहिली अडचण

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी तयार इन्स्टॉलर मोफत मिळतो. विंडोजवाल्यांनी शक्य असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीत, उबुंटू घ्यावे; चित्र पाहण्याच्या आणि एकाहून जास्त कोअर वापरण्याच्या काही सोयी तिथे नीट चालतात.

बसवल्यावर दोन गोष्टी सांगाव्या लागतात. ‘पाथ’ मध्ये आज्ञांचा फोल्डर आणि ‘रेपाथ’ मध्ये सूत्रांच्या फाइलींचा फोल्डर. रेपाथमध्ये चालू फोल्डरसाठीचा टिंबही असू द्या. पहिलीच आज्ञा दिल्यावर ‘रेइनिट डॉट कॅल’ ही फाइल सापडत नाही असा संदेश आला, तर सॉफ्टवेअर बिघडलेले नसते. रेपाथ भरायचा राहिलेला असतो. तो भरून टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा.

मग कामाचा एक फोल्डर करा आणि त्यात चार फाइली वेगळ्या ठेवा: आभाळ, साहित्य, खोली आणि मोजणीचे बिंदू. सगळे एकाच फाइलीत कोंबले की पुढे आभाळ बदलताना भिंतीला धक्का लागतो.

खोली कशी लिहावी

मापे मीटरमध्ये ठेवा. रेडियन्समध्ये एक्स म्हणजे पूर्व, वाय म्हणजे उत्तर, झेड म्हणजे वर. ब्लेंडरमधून ओबीजे फाइल काढत असाल तर झेड वर असल्याची खात्री करा, नाहीतर वर्ग आडवा पडतो आणि छपरातून येणारा उजेड भिंतीतून येऊ लागतो.

पॉलिगॉनला थेट भोक पाडता येत नाही. म्हणून खिडकीची भिंत चार तुकड्यांत लिहा: खिडकीखालचा भाग, लिंटेलच्या वरचा भाग आणि दोन्ही बाजूंचे भाग. व्हरांडा, त्याचा पत्रा आणि खांब यांना विसरू नका. घोटीच्या वर्गात आभाळ आणि बाक यांच्या मधे तेच उभे असतात.

इमारतीभोवती तीस-चाळीस मीटरची जमीनही पॉलिगॉन म्हणून घाला. पत्र्याची सावली त्या जमिनीवर पडते, आणि व्हरांड्याखालून आत येणारा बराच उजेड त्याच जमिनीवरून उसळून येतो.

साहित्य: भिंत किती उजेड परत देते

भिंत, छत, फरशी यांच्यासाठी ‘प्लास्टिक’ हा प्रकार वापरतात. नावाला भुलू नका. चुन्याची भिंतही यातच बसते. त्याला पाच आकडे लागतात: लाल, हिरवा, निळा यांचे परावर्तन, मग चकाकी, मग खडबडीतपणा. करड्या-पांढऱ्या पृष्ठभागाला तिन्ही रंग सारखे द्या. भिंतीसाठी ०.५ ०.५ ०.५ ० ०, पांढऱ्या छतासाठी ०.७, फरशीसाठी ०.२ हे सुरुवातीला धरायचे नेहमीचे आकडे.

जुन्या इमारतीचा हिशेब असेल तर मोजूनच भरा. लक्स मीटर भिंतीला टेकवून खोलीकडे तोंड करून एक नोंद घ्या. मग तो उलटा करून, भिंतीपासून वीतभर लांब धरून, भिंतीकडे तोंड करून दुसरी नोंद घ्या. आपली सावली पडू देऊ नका. दुसरीला पहिलीने भागले की न चकाकणाऱ्या भिंतीचे परावर्तन अंदाजाने मिळते. ओल आलेल्या, शेवाळलेल्या भिंतीचा आकडा हातात आला की रंग लावण्याचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही.

काचेत एक मेख आहे. दुकानदार सांगतो तो आकडा काचेतून पलीकडे जाणाऱ्या एकूण उजेडाचा असतो. रेडियन्सला फक्त काचेच्या आतला हिशेब हवा असतो. दोन्ही पृष्ठभागांवरचे परावर्तन ते स्वतः धरते. म्हणून एकूण आकड्याला साधारण १.०९ ने गुणायचे. ८८ टक्के उजेड सोडणारी साधी काच ‘ग्लास’ प्रकारात ०.९६ म्हणून लिहितात. डासांची जाळी, धूळ, ग्रिल यांनी अडवलेला उजेडही यातूनच कापायचा असतो. जाळीसह आणि जाळीशिवाय मीटर धरून फरक पाहा आणि काचेचा आकडा तेवढ्या प्रमाणात खाली आणा.

पावसाळ्याचे आभाळ

घोटीसाठी पहिले आभाळ ढगाळच लावा. आज्ञा अशी:

जेनस्काय ७ १५ १२ -सी -बी ५५.८७ -जी ०.१

७ १५ १२ म्हणजे १५ जुलै, दुपारचे बारा. ‘-सी’ म्हणजे पूर्ण झाकोळलेले प्रमाणित आभाळ; त्यात डोक्यावरचा भाग क्षितिजाच्या तिप्पट उजळ असतो. इथे ‘बी’ मोठे अक्षर हवे. त्याने उघड्यावरचा आडवा उजेड ठरवता येतो. रेडियन्स वॅटमध्ये बोलते आणि एका वॅटला १७९ ल्युमेन धरते. म्हणून १०,००० भागिले १७९, म्हणजे ५५.८७. बाहेर १०,००० लक्स ठेवले की आतला आकडा शंभराने भागताच टक्केवारी मिळते. ‘-जी’ म्हणजे जमिनीचे परावर्तन. न सांगितल्यास ते ०.२ धरले जाते. भिजलेली माती त्याहून गडद असते, म्हणून पावसाळ्यासाठी ०.१ धरा.

जेनस्काय फक्त तेजाचे सूत्र देते, आभाळाचा घुमट आपण जोडायचा असतो. ‘स्कायफंक’ या नावावर ‘ग्लो’ प्रकारचे साहित्य, आकडे १ १ १ ०. त्यावर ‘सोर्स’, आकडे ० ० १ १८०. खालच्या अर्ध्या गोलासाठी तसाच सोर्स, आकडे ० ० -१ १८०. हे राहिले तर खोलीत मिट्ट काळोख येतो आणि माणूस उगाच खिडक्या तपासत बसतो.

या आभाळाला पूर्व-पश्चिम नसते. ते सगळीकडून सारखे आहे. म्हणून पावसाळ्याच्या हिशेबात खिडकी कोणत्या दिशेला आहे याने फरक पडत नाही. खिडकीतून वरचे आभाळ किती दिसते, यावर सगळे ठरते. खोल व्हरांडा नेमका तोच उजळ वरचा भाग झाकतो. छपरातला एक पारदर्शक पत्रा तोच भाग उघडतो.

उन्हाचे आभाळ आणि उणे चिन्ह

ऑक्टोबरनंतर ऊन पडते, तेव्हा ‘-सी’ च्या जागी ‘+एस’ येते आणि मोठ्या ‘बी’चा पर्याय निघतो. आता ठिकाण अचूक द्यावे लागते:

जेनस्काय ५ १८ १२.५ +एस -ए १९.७२ -ओ -७३.६३ -एम -८२.५

‘-ए’ घोटीचा अक्षांश, ‘-ओ’ रेखांश, ‘-एम’ भारतीय प्रमाणवेळेचा रेखांश. जेनस्काय पश्चिमेचे रेखांश धन मानते, म्हणून भारताचे दोन्ही आकडे उणे लिहायचे. ठिकाण दिलेच नाही तर ते मूळचे कॅलिफोर्नियाचे धरले जाते. एकच चिन्ह चुकले तर आज्ञा इशारा देते. दोन्ही चुकली तर मात्र ती गप्प बसते, आणि सूर्य सुमारे एक तास अकरा मिनिटे पुढे सरकतो. घोटीचा सूर्य प्रमाणवेळेच्या साडेपस्तीस मिनिटे मागे असतो. चिन्हे उलटली की तो तेवढाच पुढे जातो. पश्चिमेच्या खिडकीतून बाकावर येणारे ऊन मग चुकीच्या तासाला दिसते.

पडताळा सोपा आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घोटीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. वरची आज्ञा १८ मेच्या साडेबाराची आहे. तिच्या उत्तरात सूर्याची उंची अंशांत लिहून येते; ती ८९ च्या आसपास असली पाहिजे. ७० किंवा ७५ दिसली तर पुढे जाऊ नका, चिन्हे तपासा.

आधी उघड्या आभाळाची परीक्षा

फाइली जुळवायला ओकॉन्व्ह वापरतात: आधी आभाळ, मग साहित्य, मग खोली. त्यातून जी ऑक्ट्री फाइल बनते, तिच्यावर आरट्रेस चालवायचे. बिंदूंच्या फाइलीत एका ओळीत सहा आकडे: जागेचे तीन, दिशेचे तीन. वर पाहणाऱ्या मीटरची दिशा ० ० १.

खोलीत शिरण्याआधी एकच बिंदू छपराच्या मीटरभर वर ठेवा, तिथे झाड किंवा टाकी आड येत नाही असे पाहा, आणि ढगाळ आभाळाखाली आरट्रेस चालवा:

आरट्रेस -एच -आय -एबी १ -एडी २०४८

इथे ‘आय’ मोठे हवे. मोठा आय म्हणजे दिलेल्या बिंदूवरच मोजणी. छोटा आय म्हणजे किरण जिथे आदळेल तिथली मोजणी; ही गल्लत फार होते. उत्तरात तीन आकडे येतात. पहिला ४७.४ ने, दुसरा ११९.९ ने, तिसरा ११.६ ने गुणून बेरीज केली की लक्स मिळतात. आरकॅल्कला हे सूत्र दिले की ते आपोआप होते.

बेरीज १०,००० च्या अगदी जवळ आली पाहिजे. शून्य आले तर घुमट जोडायचा राहिला, किंवा ‘-एबी’ शून्यावर आहे. अर्धे आले तर बिंदू कशाच्या तरी आडोशाला आहे. उत्तर आधीच माहीत असलेली ही एक परीक्षा पास झाली, की पुढच्या प्रत्येक आकड्यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

दर्जाच्या सेटिंग

आता खरी खोली. पाच पर्याय महत्त्वाचे आहेत.

‘-एबी’ म्हणजे उजेडाच्या किती उसळ्या मोजायच्या. न सांगितल्यास हा शून्य असतो, म्हणून नवख्याची पहिली खोली काळी येते. घोटीच्या वर्गात उजेड आभाळातून जमिनीवर, तिथून व्हरांड्याच्या पत्र्याच्या खालच्या बाजूवर, मग वर्गाच्या छतावर आणि शेवटी बाकावर येतो. पाच-सहा उसळ्या लागतातच. ६ पासून सुरू करा. ७ केल्यावर आकडा दोन-तीन टक्क्यांहून कमी हलला तर ६ पुरे.

‘-एडी’ म्हणजे प्रत्येक ठिकाणाहून किती किरण सोडायचे, २०४८ ठेवा. ‘-एएस’ हे जिथे उजेड झपाट्याने बदलतो तिथले जादा किरण, ५१२ ठेवा. आकडे एका बिंदूवरून दुसऱ्यावर उगाच उड्या मारत असतील तर हे दोन वाढवा.

‘-एए’ आणि ‘-एआर’ हे जोडीने चालतात. रेडियन्स प्रत्येक ठिकाणी नवा हिशेब करत नाही; जवळचे जुने हिशेब घेऊन मधला आकडा काढते. हिशेबाची दोन ठिकाणे किती जवळ येऊ शकतात, ते देखाव्याच्या एकूण आकाराला ‘-एए’ ने गुणून ‘-एआर’ ने भागले की कळते. चाळीस मीटरचा देखावा, ०.१ आणि ६४ घेतले तर सुमारे सहा सेंटिमीटर. वर्गासाठी हे उत्तम.

इथेच हौसेचा फटका बसतो. घोटीतून कळसूबाई दिसते, म्हणून तिचा डोंगर फाइलीत घालावासा वाटतो. तसे केले की देखावा पंधरा किलोमीटरचा होतो. ‘-एआर’ २५६ केला तरी दोन हिशेबांतले अंतर जवळपास सहा मीटर होते, म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. सगळा वर्ग एकाच पुसट उजेडात बुडतो. आणि मिळते काय? १,६४६ मीटरचे शिखर घोटीच्या पातळीहून सुमारे हजार मीटर उंच. तेवढ्या अंतरावरून ते क्षितिजावर जेमतेम चार अंश उचलले जाते. ढगाळ आभाळाचा तो सर्वांत मंद भाग. डोंगर वगळा आणि समोरची दुमजली इमारत मात्र जरूर घाला. देखाव्याचा आकार किती झाला ते ‘गेटइन्फो -डी’ सांगते.

‘-एएफ’ ने हे हिशेब फाइलीत साठवता येतात, म्हणजे पुढचे चित्र लवकर निघते. पण भिंत, रंग किंवा आभाळ यांतले काहीही बदलले की ती फाइल आधी पुसा. नाहीतर नव्या खोलीत जुना उजेड दिसत राहतो.

आकडा वाचायचा कसा

बाकाची उंची ०.७ मीटर धरून वर्गभर अर्ध्या मीटरच्या जाळीवर बिंदू ठेवा. सरासरीवर समाधान मानू नका. मागच्या कोपऱ्यातल्या बाकाचा आकडा वेगळा पाहा.

दिवसाच्या उजेडाचे भारतीय मानक आहे आयएस २४४०, १९७५ चे. त्यात बाहेरचा उजेड ८,००० लक्स धरतात, म्हणून एक टक्का म्हणजे ८० लक्स. वर्गातल्या बाकासाठी आणि फळ्यासाठी १.९ ते ३.८ टक्के, म्हणजे साधारण १५० ते ३०० लक्स. पण हे मानक निरभ्र आभाळ धरून केले आहे, आणि घोटीची शाळा चार महिने ढगाखाली भरते. म्हणून ढगाळ आभाळाची टक्केवारी स्वतंत्र काढा. जुलैत काही दिवस अकरा वाजता उघड्यावर लक्स मीटरने नोंदी घ्या आणि त्या आकड्याने टक्केवारीला गुणा. मोबाइलच्या ॲपवर अवलंबून राहू नका. दोन फोन एकाच जागी वेगवेगळे आकडे दाखवतात.

पुढे वर्षभराचा हिशेब करायचा असेल तर हवामानाच्या फाइली लागतात. तिथे नाशिक शहराची फाइल डोळे झाकून घेऊ नका. घोटीपेक्षा नाशिकला पाऊस कितीतरी कमी, त्यामुळे आभाळही वेगळे.

आता चित्र

आकडे पटले की आरपिक्ट वापरा. हव्या त्या आकाराच्या दुप्पट चित्र काढा आणि ‘पीफिल्ट’ ने अर्धे करा. कडा स्वच्छ येतात. ‘-टी ३०’ दिले की काम किती झाले ते दर तीस सेकंदांनी कळते. ‘फॉल्सकलर’ लक्सच्या रंगीत पट्ट्या दाखवते. त्यासाठी चित्र काढतानाच छोटा आय द्यायचा, नाहीतर पट्ट्यांत बाकावर पडणारा उजेड न येता पृष्ठभागाचे तेज येते. ही सगळी साखळी रोज हाताने लिहायची नसेल तर ‘रॅड’ नावाची आज्ञा दर्जा, तपशील, उजेडातला चढउतार अशा मोजक्या शब्दांवरून सेटिंग स्वतः निवडते. तिला ‘-एन -ई’ देऊन तिने काय निवडले ते वाचा. शिकण्याचा तोही चांगला मार्ग आहे.

चित्र आणि आकडे हातात आल्यावर एका वेळी एकच बदल करून पाहा. व्हरांड्याच्या पत्र्याला खालून पांढरा रंग. छपरात एक पारदर्शक पत्रा. खिडकीचा लिंटेल फूटभर वर. प्रत्येक वेळी मागच्या बाकाचा आकडा आणि त्या बदलाचा खर्च शेजारी-शेजारी लिहा. मुख्याध्यापकांपुढे, शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि मिस्त्रीपुढे तो एक कागद ठेवा. सेटिंगची फाइलही तारीख घालून जपून ठेवा, म्हणजे पुढच्या शाळेसाठी कोणालाही तीच उघडून काम सुरू करता येईल. हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत, पत्रे चढण्याआधी करा. तेव्हा लिंटेल वर घ्यायला फारसा खर्च येत नाही. जुलैत तोच बदल करायचा तर भिंत फोडावी लागते.